नाकाला पदर

आमच्या गल्लीत परवापासून आंबूस वास सुटलाय. शिमगा सरून उन्हं कडक झाली की कळमनुरीत घरोघरी कुरडयांसाठी गहू भिजायला पडतात. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस येतो. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं की नवख्या माणसाला वाटावं, घरात घूस मेली आणि कुणाला पत्ताच नाही. या वासानं बायकांना माहेर आठवतं म्हणे. मला मळमळतं. दरवर्षी मळमळतं आणि दरवर्षी मी कुरडया करते, कारण सणाच्या ताटात तळलेली कुरडई नसली तर जेवल्यासारखंच वाटत नाही.

माझं नाकच मेलं तसलं. शिरड शहापूरला माझं माहेर. तिथं पाहुणा ओट्यावर टेकायच्या आत मी घरातून सांगायची, हा तंबाखूवाला की विडीवाला. दूध नासायच्या आधी मला कळतं. शेजारणीनं काल वापरलेल्या तेलात आज भजी तळली तर मला भिंतीपलीकडून कळतं. आई म्हणायची, "या पोरीचं नाक म्हंजी पोलिसाचं कुत्रं." लाडानं म्हणायची, पण बरोबर म्हणायची.

तर परवा दुपारी त्या वासात मी मशीनवर बसले होते. मी घरी ब्लाउज शिवते. फोन वाजला. आमच्या चौघी मैत्रिणींच्या ग्रुपवर अर्चनाचा मेसेज होता. "यंदा नाशिक फायनल! स्पा, वायनरी, फुल्ल आराम. नवरे घरी, लेकरं घरी." खाली नाचणारी बाई आणि एकमेकांवर आपटणारे ग्लास. त्याच्याखाली लगेच दुसरा मेसेज. "आणि कुरडयांचा पहिला नंबर यंदा सुनंदाकडे. लई दिवस झाले गं तुझ्या गच्चीवर बसून."

लई दिवस झाले म्हणे. वाचलं आणि अंगावर अशी शिसारी आली, की तिसऱ्या दिवसाच्या गव्हानं काय येईल. हातातलं ब्लाउज बाजूला टाकलं, फोन खाटेवर फेकला आणि नळाखाली उगाच हात धुऊन आले. हात स्वच्छच होते.

आम्ही चौघी या गल्लीत नव्या सुना म्हणून आलो, वर्ष-दोन वर्षांच्या अंतरानं. अर्चनाचा नवरा बँकेत. मंगल तांड्यावरची, शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. नसीमच्या सासऱ्यांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान, ती दुकानातही बसते आणि घरही ओढते. आणि मी. नळाला पाणी एकाच वेळेला यायचं, म्हणून ओळख झाली. मग उन्हाळ्यात एकीच्या कुरडयांना तिघी जायला लागल्या आणि त्याचा रिवाज पडला. आज अर्चनाचा नंबर, दोन दिवसांनी मंगलचा, मग नसीमचा, मग माझा. पहाटे जमायचं, वाटलेल्या गव्हाचा चीक चुलीवर हाटायचा, सोऱ्यानं गच्चीवर कुरडया घालायच्या आणि ज्या घरचा चीक त्या घरी बसून खायचा. कढईतला गरम चीक, वर कच्चं करडईचं तेल, आणि भाजलेले शेंगदाणे. तो खाल्ल्याशिवाय कुणी उठायचं नाही. गव्हाला वास मारतो खरा, पण तोच शिजला की असा गोडसर, मऊ लागतो की मी, एवढी नाकाची, वाटी चाटून पुसते.

पहिल्या वर्षी नसीम आमच्या गच्चीवर आली तेव्हा माझ्या सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. "तिनं सोऱ्या दाबावा, चिकाला हात लावू नये," असं त्या मला आत बोलावून हळूच बोलल्या. दुसऱ्या वर्षी नसीमचं मूल लहान होतं, ती आली नाही, तर याच आत्याबाई दिवसभर विचारत होत्या, "ती नसीम काहून आली न्हाई? कुरडया कश्या येड्यावाकड्या पडून राहिल्यात बघा." तिच्यासारखा गोल फेरा आमच्यात कुणाच्याच हाताला नाही.

गेल्या वर्षीचा उन्हाळा मात्र निराळा होता. त्याआधीच्या दिवाळीत आत्याबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं, आणि घरी आणल्यावर त्या खाटेवरून उठल्याच नाहीत. डोकं शाबूत, जीभ तर अगदीच शाबूत, फक्त कंबरेखाली बाई आपली राहिली नाही. मग व्हायचं तेच झालं. पाठीला जखमा झाल्या. लघवी, संडास सगळं खाटेवर. डेटॉल, पावडर, कडुलिंबाचा पाला, उदबत्ती, काय काय करून पाहिलं. खोलीतला वास गेला नाही. तो भिंतीत मुरला, माझ्या पदरात मुरला, शिवायला आलेल्या कापडात मुरला.

मला किळस यायची का? यायची. रोज यायची, दोन्ही वेळेला यायची. सेवा करता करता किळस जाते असं सांगणाऱ्या बायांनी एकतर सेवा केलेली नसते किंवा त्यांना नाक नसतं. मी तोंडाला पदर बांधून खोलीत शिरायची. सुरुवातीला लाज वाटली, म्हणून तशीच गेले आणि खाटेच्या पायाशीच उलटी केली.  आत्याबाई म्हणाल्या, "नाकाला पदर बांध गं. घाणच हाय ती. घाणीला कोण अत्तर म्हणंल?" त्या दिवसापासून आमचं दोघींचं बरं जमलं. मी पदर बांधायची, त्या तोंड भिंतीकडं करायच्या, आणि आम्ही गल्लीतल्या चहाड्या करत करत ते काम उरकायचो. काम झालं की त्या म्हणायच्या, "झालं का? सोड आता पदर, बोलताना निम्मं कळत न्हाई मला."

मैत्रिणी पहिल्या महिन्यात आल्या. सफरचंदं आणली, खुर्चीच्या काठावर बसल्या. मग यायचं कमी झालं. मग फोन. मग गल्लीत गाठ पडली तर तिथंच, "कशा आहेत गं?" माझ्या गिऱ्हाईक बायकाही आत येईनाशा झाल्या. जुनं ब्लाउज आणि नवं कापड उंबऱ्यावरून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "याच मापाचं कर, घाईत आहे." कळमनुरीतल्या सगळ्याच बाया त्या हिवाळ्यात घाईत होत्या.

आणि मार्चात वाळवणं आली. रोजेही तेव्हाच आले. नसीम पहाटे सहेरी करून यायची, तोंडात पाण्याचा थेंब न घेता उन्हात सोऱ्या दाबायची. पहिला नंबर अर्चनाचा झाला. तिच्या गच्चीवरच ही नाशिकची टूम निघाली. अर्चना नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर एकदा जाऊन आली होती. कुरडया वाळत घातल्या, आम्ही तिघी चिकाच्या वाट्या घेऊन सावलीत बसलो, नसीम रोज्यामुळं नुसतीच, आणि अर्चना फोनवर व्हिडिओ दाखवायला लागली.

"हे बघा. ग्लास असा गोल फिरवायचा. मग नाक आत घालायचं. मग घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, गुळणी करतो तसा. आणि मग त्या बादलीत थुंकायचं."

"थुंकायचं?" मंगल म्हणाली. "सगळ्यांनी एकाच बादलीत?"

"अगं, टेस्टिंग असतं ते. क्लास असतो त्याला."

"या अल्ला," नसीम म्हणाली, "मंग पितेत कवा?" आणि आम्ही चौघीही हसलो. नसीम म्हणाली, "तुमी थुंका बायांनो. मी बाजूला बसून द्राक्षं खाती."

मग अर्चनानं स्पा दाखवला. काचेच्या हौदात पाय सोडून बाया ओळीनं बसलेल्या, आणि बारके बारके मासे त्यांच्या पायाला लुचतायत. मासे म्हणे पायाची मेलेली कातडी खातात. एका बाईनं पाय काढले की त्याच पाण्यात, त्याच माशांच्या तोंडी दुसरीचे पाय. मला भडभडून आलं. वाटी खाली ठेवली. "शी! अगं बंद कर ते," मी म्हणाले. अर्चना म्हणाली, "काही काय सुनंदा! इतकं फ्रेश वाटतं ना, पाय अगदी लहान बाळासारखे होतात." पुढच्या व्हिडिओत कुणाच्या तरी अंगाला चिखल फासला होता आणि डोळ्यांवर काकडी ठेवली होती. त्याच्या पुढच्यात लोक मोठ्या टपात उतरून पायांनी द्राक्षं तुडवत होते आणि रस नडग्यांवरून ओघळत होता. ते लोकांना भारी वाटतं म्हणे.

तरी खरं सांगते, मला जायचं होतं. त्या दुपारी घरी आल्यावर मी तो स्पाचा व्हिडिओ पुन्हा लावला. मासे नको, चिखल नको. पण मधेच एक खोली दाखवली होती, पांढऱ्या भिंती, पांढरी चादर, खिडकीत एक झाड. तिथं कसलाच वास नसेल असं वाटत होतं. कुणाचं काही पुसायचं नाही, काही धुवायचं नाही, श्वास घ्यायचा आणि सोडायचा. मी तो तुकडा मागे नेऊन नेऊन बघितला.

आत्याबाईंनी आवाज ऐकला. "काय बघून राहिली गं?"

"नाशिकला जायचं म्हणतेत मैत्रिणी."

"त्र्यंबकला?"

"न्हाई. दारूच्या कारखान्यात."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. पाणी पाजलं. मग मसाजचं सांगितलं, अनोळखी बाई अंगाला तेल चोळते ते. आत्याबाई छताकडं बघत म्हणाल्या, "तुझा हात लागतो तर मला मेल्याहून मेल्यावानी होतं. आन् तू सोताहून ते घ्यायला चालली व्हय?" मग लगेच म्हणाल्या, "जा बरं. मी कुटं पळून चालले? बाई बघ दोन दिवस, आन् जा. तुझं त्वांड कसं झालंय बघ, शिळ्या भाकरीवानी."

त्यांचा होकार मिळाल्यावर मी दोन-चार दिवस खुशीत होते. पर्समधली जुनी लिपस्टिक काढून बघितली. तिलाही वास येत होता.

मग मंगलचा नंबर झाला, नसीमचा झाला. नसीमच्या अंगणात शेवटची कुरडई घातली आणि मी सहज विचारलं, "मग माझा कधी धरायचा?"

 मंगल सोऱ्यातला उरलेला चीक बोटानं खरवडायला लागली. अर्चना म्हणाली, "अगं यंदा तू राहू दे ना. तुला किती तकलीफ आहे, आम्हाला दिसत नाही का? आम्ही तिघी आमच्यातल्या थोड्या थोड्या देऊ तुला. त्यापेक्षा आपण नाशिकलाच जाऊ. तुला बदल पाहिजे सुनंदा."

किती गोड बोलली. मला क्षणभर वाटलंही, की बघ, किती करतात आपलं. तेवढ्यात मंगल खरवडता खरवडता बोलून गेली, "आणि शेवटी खायची वस्तू आहे ना ती."

म्हणजे असं होतं. माझं घर खायची वस्तू करण्याजोगं राहिलं नव्हतं. त्यांना माझ्या घराची किळस येत होती, आणि त्या किळसेवर त्यांनी नाशिकची सहल झाकण म्हणून ठेवली होती. एका बादलीत थुंकायला चालतं. दुसऱ्याची मेलेली कातडी खाल्लेले मासे चालतात. लोकांच्या पायाखालचा रस चालतो, त्याला क्लास असतो. पण जिनं या तिघींच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळून पाठवले, त्या म्हातारीच्या छपराखालचा चीक चालत नाही. मला तिथंच भडभडून आलं, आणि या वेळी माशांनी नाही. मी उठले. "येते," एवढंच म्हणाले. नसीम पलीकडं पाट धूत होती, तिनं मान वर करून बघितलं.

घरी येऊन मी आत्याबाईंना काही बोलले नाही. डबा उघडला आणि गहू निवडायला घेतले.

आमच्याकडं एक पद्धत आहे. एखादीचे गहू भिजले, की तिला नाही म्हणायचं नसतं. भांडण असू दे, अबोला असू दे. भिजलेला गहू कुणासाठी थांबत नाही, एक दिवस चुकला तर सगळा नासतो, म्हणून गल्लीतली बाई आपलं काम टाकून जाते. कुळवाड्याघरची असो की व्यापाऱ्याघरची, हे सगळ्यांना ठाऊक. मी घमेल्यात गहू भिजवले, दुसऱ्या दिवशी फेस आला तेव्हा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. "गहू भिजलेत. माझा नंबर." बस. पुढं नाचणारी बाई नाही की हात जोडलेले नाहीत.

 मग मंगलचा अंगठा आला. मग अर्चनाचा. नसीमनं लिहिलं, "सोऱ्या मी आणते, तुझ्या सोऱ्याचं दांडं ढिलं आहे."

मी ते दोन दिवस घर असं घासलं की नवरा म्हणाला, "अगं लगीन हाय का घरात?" फरशी फिनेलनं पुसली. आत्याबाईंची चादर सकाळ-संध्याकाळ बदलली. त्यांना कळलं सगळं. "कशाला एवढं घासून राहिली?" "उद्या मैत्रिणी येणारेत, कुरडया हायेत आपल्या." त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच बघवेना. केस विंचरून दे म्हणाल्या. सकाळी हिरवं लुगडं अंगावर टाक म्हणाल्या.

त्या आल्या. तिघीही आल्या, पहाटे, ठरल्यासारख्या. आमच्या गच्चीला बाहेरून जिना आहे. अर्चना आणि मंगल घरात न शिरता सरळ जिन्यानं वर गेल्या. दोघींच्या हातात घरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. अर्चनाच्या रुमालाला अत्तर होतं, ते मला जिन्याखालीच कळलं.

नसीम मात्र चपला काढून सरळ घरात, आणि घरातून आत्याबाईंच्या खोलीत. ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, "अम्मा, लई वास मारतोय गे तुमच्या खोलीत."

"मारणारच की," आत्याबाई म्हणाल्या. "मी काय गुलाब हाय?"

"गुलाब होता व तुमी. फोटो बघितलाय मी." आणि खाटेवर बसून तिनं त्यांचा हात हातात घेतला. ओढणी तशीच नाकाला. कुणी काही मनावर घेतलं नाही. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला कळलं, की मला या लोकांच्या किळसेचा राग नव्हताच. वास होता, मग नाक धरणारच. मलाही येत होती की किळस. राग होता तो त्या अत्तराच्या रुमालाचा, त्या "तुला किती तकलीफ"चा, त्या गोड बोलण्याचा. नाक धरायचं तर समोर धरावं.

वर काम झोकात झालं. विटांच्या चुलीवर पातेलं चढलं, मी चीक ओतला, मंगलनं दोन्ही हातांनी दांडा धरून हाटला, एक गुठळी राहू दिली नाही. नसीमनं कुरडया घातल्या. गच्चीभर पांढरी गोल गोल फुलं उमटत गेली. अर्चना नाशिकचं बोलत होती, कुठल्या रिसॉर्टला पोहायचा तलाव आहे, कुठल्या वायनरीत संध्याकाळी गाणी असतात, गाडी कुणाची न्यायची. मीही हं हं करत होते. ऊन वर आलं, कुरडया पडल्या, आणि मी चार वाट्या आणल्या. एक भरून आधी खाली आत्याबाईंना देऊन आले, मोठ्या माणसाचा पहिला मान. मग वर येऊन उरलेल्या भरल्या. वर तेल सोडलं, शेंगदाणे ठेवले.

अर्चना घड्याळाकडं बघत म्हणाली, "अगं, सांगायचं राहिलंच. आज माझी चतुर्थी."

चतुर्थी होऊन गेलेली होती. कॅलेंडर माझ्याही घरात आहे.

मंगल म्हणाली, "माझं पोट रात्रीपासून बिघडलंय गं सुनंदा. काही धरतच नाहीये." आणि बाटलीतलं पाणी गटागटा प्याली.

मी वाटी हातात धरून उभी राहिले. चिकाची वाफ तोंडावर येत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तो शिजलेल्या चिकाचा वास नको झाला. नसीमपुढं मी वाटी केलीच नाही, तिचा रोजा होता. खरा उपास तिचा एकटीचाच होता. ती हात धूत धूत म्हणाली, "माझा डबा भर. इफ्तारला खाईन. आन् शेंगदाणे जास्तीचे घाल, चिंगूसपणा नको करू."

मी डबा भरला. अर्चना आणि मंगल जिन्यानं उतरून गेल्या. "बोलू मग नाशिकचं," म्हणत गेल्या. त्या तिन्ही वाट्यांतला चीक मी गाईला घातला. मी स्वतः खाल्ला नाही, घशाखाली उतरला नसता. नसीमनं तरी खाल्ला असेल का, याचा दिवसभर घोर लागला. डबा तर नेला. पण डबा नेता येतो आणि वाटेत कुत्र्यालाही घालता येतो. माणसाच्या मनात एकदा घाण शिरली की ती बघा कुणाकुणावर जाऊन बसते.

दुपारी आत्याबाईंची रिकामी वाटी उचलायला गेले. त्यांनी विचारलं, "समद्या खाऊन गेल्या का?"

"व्हय," मी म्हणाले. "पोटभर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. काम काही काढलेलं नव्हतं तरी केलं.

त्या उन्हाळ्यात नाशिकला कुणीच गेलं नाही. आधी अर्चनाच्या मुलाची परीक्षा निघाली, मग मंगलला शाळेतून सुटी मिळेना, मग ऊन फार झालं. सहलीचं घोंगडं भिजतच पडलं. श्रावणात आत्याबाई गेल्या. चौदाव्याला अर्चना आणि मंगल आल्या, घरात बसल्या, पोटभर जेवल्या. खोली रंगवून घेतली होती, खिडक्या उघड्या होत्या. अर्चना म्हणाली, "सुटल्या बिचाऱ्या. आणि तूही सुटलीस." मी पंगतीत वाढत होते. वरणाची पळी तशीच हातात राहिली आणि वाटलं, ही हिच्या डोक्यावर उपडी करावी. केली नाही. वाढत पुढं गेले.

तर आता यंदा माझा पहिला नंबर म्हणे. घर आता खायची वस्तू करण्याजोगं झालं. परवा तो मेसेज वाचून हात धुतले, पुसले, आणि उत्तर लिहिलं. "मी नाशिकला येत नाही. माझ्या गच्चीवर यंदा कुरडया नाहीत. माझे गहू नसीमकडे भिजलेत." आदल्याच दिवशी मी ते तिच्याकडं नेऊन भिजवले होते. अर्चनाचं लगेच, "का गं? काय झालं? रागावलीस?" आणि रडणारी तोंडं. काय सांगायचं? बाटलीतलं पाणी दिसलं होतं मला, एवढं सांगितलं तरी तिला कळलं असतं, पण ती म्हणाली असती, छे गं, तसं काही नव्हतं. मग मला ते गोड बोलणं पुन्हा ऐकावं लागलं असतं. मी फोन उलटा करून ठेवला.

त्याच संध्याकाळी नसीम दुकानातून येता येता दारात थांबली. "काहून न्हाई म्हणलीस गं? मला द्राक्षाचा मळा बघायचा व्हता."

"आपण दोघी जाऊ. एसटीनं."

"बराबर. थुंकायचं न्हाई पण."

"न्हाई," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी मशीनवर बसले, पण काम होईना. गल्लीतला वास आत येत होता, तो तिच्याच घरचा, माझ्याच गव्हांचा. आणि मला गेल्या वर्षीची, त्या कुरडयांच्या दिवसाची संध्याकाळ आठवत राहिली. कुरडया उन्हात कडक झाल्या होत्या. मशिदीची बांग होऊन थोडा वेळ झाला होता. मी आत्याबाईंची पाठ पुसत होते, पदर नाकाला, आणि फोन वाजला. नसीम होती. मी फोन स्पीकरवर टाकला, हात ओले होते.

"अगे सुनंदा," ती ओरडलीच, "मीठ टाकायचं इसरलीस का काय? चीक समदा अळणी की!"

  मी म्हणाले, "मग टाकून द्यायचा."

"टाकून काहून देऊ? वरून मीठ घातलं आन् खाल्लं. लेकरांनी डबा चाटून पुसला. पर एवढ्या कुरडया वरीसभर अळणी खायच्या का आता? ध्यान कुटं व्हतं तुझं?"

"तू लई शहाणी हाईस," मी म्हणाले आणि डोळे पुसायला गेले, तर हात डेटॉलचे. फोन ठेवला. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मी म्हणाले, "ऐकलं का आत्याबाई? चीक अळणी झालाय म्हणे."

"मला सकाळीच कळलं व्हतं," त्या भिंतीकडं बघतच म्हणाल्या. "म्हणलं, तू म्हणती समद्या पोटभर खाऊन गेल्या. मंग एकीनं तरी बोलायला पाहिजे व्हतं."